हिवाळ्याची बेगमी : चिनी पारंपरिक वैद्यकाच्या रीतीने थंडीचे तीन महिने

चीनमध्ये घराघरांत एक म्हण आहे : हिवाळ्यात मुळा, उन्हाळ्यात आलं, वैद्याची पायरी चढायला नको. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, सांगणाऱ्याची काहीतरी उलटापालट झाली. आलं उष्ण, ते थंडीत खायचं, एवढं आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण म्हण बरोबर होती. चूक माझ्या समजुतीत होती.

गावाकडची विहीर आठवा. जानेवारीत पहाटे पोहरा वर आला की पाण्यातून वाफ निघते आणि मे महिन्यात तेच पाणी दात शिवशिवावेत इतकं गार लागतं. चिनी वैद्य शरीराकडे असंच पाहतात. थंडीत शरीराची ऊब, म्हणजे त्यांच्या भाषेत यांग, कातडीवरून आत खोल उतरते. पोटात आधीच धग असते, त्यात आपण तळलेलं, मटण, तिळाचं असं जड खातो. तेव्हा ते पचवून वात खाली सारणारा मुळा कामाचा. उन्हाळ्यात ऊब कातडीवर येते, पोट रिकामं आणि गार पडतं, वरून कलिंगड आणि बर्फाचं पाणी. तेव्हा आलं. आपल्या चरकसंहितेतही हेच निरीक्षण आहे : हेमंतात गार वाऱ्यामुळे अग्नी आत कोंडला जातो आणि प्रबळ होतो, म्हणून जड अन्न पचतं. आयुर्वेद तिथून स्निग्ध आहाराकडे जातो. चिनी स्वयंपाकी शेजारी मुळ्याच्या चार फोडी टाकतो.

ही विहीर डोळ्यांसमोर ठेवली की पुढचं सोपं जातं. चिनी वैद्यकात प्रत्येक ऋतूला एक क्रियापद आहे : वसंतात उगवणं, उन्हाळ्यात वाढणं, शरदात गोळा करणं आणि हिवाळ्यात ‘त्सांग’, म्हणजे लपवून साठवून ठेवणं. मराठीत याला नेमका शब्द आहे, बेगमी. आपण एप्रिल-मेमध्ये पापड-कुरडया-तिखटाची पावसाळ्यासाठी बेगमी करतो. चिनी माणूस हिवाळ्यात शरीराची करतो, येणाऱ्या वर्षासाठी. आणि बेगमीचा पहिला नियम काय? आधी खर्च आवरायचा, मग भर घालायची. लोक नेमकं उलट करतात. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि सकाळी महागडं जिनसेंग.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ‘ची’ म्हणजे अंगात वाहणारी प्राणशक्ती, नाड्यांसारखे तिचे प्रवाहमार्ग, मूत्रपिंडात साठलेलं सत्त्व ही या परंपरेची स्वतःची भाषा आहे. आधुनिक शरीररचनाशास्त्राला असे मार्ग सापडलेले नाहीत. मी या भाषेकडे सवयींचा जुना, अनुभवी नकाशा म्हणून पाहतो. चालू औषधं, फ्लूची लस आणि डॉक्टर यांच्या जागी तो ठेवायचा नाही.

आधी कॅलेंडर पाहा

चिनी हिवाळा गारठा पडला म्हणून सुरू होत नाही, तारखेने लागतो. सूर्याच्या स्थितीवरून वर्षाचे २४ भाग पाडलेले आहेत. ही पद्धत २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. हिवाळ्याचे त्यातले सहा : ७-८ नोव्हेंबरला लीदोंग, म्हणजे हिवाळ्याचं उभं राहणं, मग छोटा हिम, मोठा हिम, २१-२२ डिसेंबरला दोंगझी, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, त्यानंतर छोटी थंडी आणि २० जानेवारीच्या सुमारास मोठी थंडी. ४ फेब्रुवारीच्या आसपास वसंत लागतो, बाहेर बर्फ असला तरी.

याचा व्यवहारात उपयोग असा. नोव्हेंबर पोट आणि झोप ताळ्यावर आणण्यासाठी. दोंगझीपासून पौष्टिक खाणं. फेब्रुवारी लागला की हात आखडता. लीदोंगला तैवान आणि फूज्येनमध्ये आलं घातलेलं बदक किंवा तिळाच्या तेलातली कोंबडी शिजते, कारण ‘हिवाळ्याला खुराक’ द्यायचा तो दिवस. सण म्हणून छान आहे. पण पोट बिघडलेलं असताना त्या दिवशी ताव मारला तर बेगमी राहते बाजूला.

पायरी १ : तुमची थंडी कोणती?

चिनी वैद्य तीन गोष्टी पाहून सल्ला देतो : माणूस, ऋतू आणि जागा. जागेचा मुद्दा चीनमध्ये फार ठळक आहे. छिनलिंग डोंगर आणि ह्वाई नदी यांना जोडणाऱ्या रेषेच्या उत्तरेला सरकारी सामूहिक हीटिंग असतं. बीजिंगमध्ये साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. तिथे बाहेर उणे तापमान आणि घरात माणसं टी-शर्टवर. नाक कोरडं, ओठ फुटलेले, घसा खरखरीत. त्या रेषेच्या दक्षिणेला, शांघाय-नानजिंगकडे, असं सामूहिक हीटिंग नसतं. तापमान शून्याच्या थोडं वर, पण हवा ओलसर, भिंती गार, अंथरूण दमट. तिथला माणूस घरात शिरल्यावर कोट काढत नाही, उलट चढवतो. आणखी खाली ग्वांगझोऊला हिवाळा म्हणजे आपल्या कोकणातल्यासारखी नुसती झुळूक.

तेव्हा आधी ठरवा. टोरांटो-शिकागोच्या हीटिंगमध्ये राहणारे मराठी लोक ‘बीजिंग’ गटात येतात : त्यांना ऊब कमी आणि ओलावा जास्त हवा. मुंबईच्या जानेवारीला बीजिंगचं औषध चालणार नाही. नाशिक, महाबळेश्वर किंवा विदर्भातल्या कडाक्याच्या रात्री मात्र पुढचं बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं.

मग स्वतःकडे पाहा. सकाळी दात घासण्याआधी, उजेडात, जीभ बघा. हातपाय कायम गार, चेहरा फिकट, जीभ फिकट आणि कडेला दातांचे ठसे, शौच सैल, गरम प्यावंसं वाटतं : तुम्ही गार प्रकृतीचे, ऊब देणारे पदार्थ तुमच्यासाठी. तळवे गरम, रात्री घाम, तोंड कोरडं, जीभ लाल आणि जवळपास थर नसलेली : तुमच्यात ओलावा कमी आहे, आलं-दालचिनी-मटण बेतानं घ्या, तीळ, पेर (नाशपाती), दूध बरं. जिभेवर जाड चिकट थर, पोट गच्च, जेवणानंतर सुस्ती : तुम्हाला खुराक नको, आधी मुळा आणि पेज हवी. शहरातले पुष्कळ लोक या तिसऱ्या गटात असतात आणि पहिल्या गटाचं खातात.

पायरी २ : झोप, घाम आणि मान

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात ऋतुचर्येचं एक प्रकरण आहे. हिवाळ्याबद्दल त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : हे तीन महिने मिटण्याचे आणि साठवण्याचे. पाणी गोठतं, जमीन भेगाळते. लवकर निजा, उशिरा उठा, सूर्यप्रकाशाची वाट पाहा. मनातलं मनात राहू द्या, जणू काही गुपित आहे, जणू हवं ते मिळालेलंच आहे. गारठा टाळा, ऊब धरा, पण कातडीतून घाम निसटू देऊ नका.

‘उशिरा उठा’ हे वाचून कुणी खूश होईल, पण त्याच्या आधी ‘लवकर निजा’ आहे. व्यवहारात : दहा-साडेदहाला अंथरुणात, उजाडल्यावर उठायचं. पहाटे पाचला अंधारात धावायला जाण्याचा आपल्याकडचा उत्साह या पुस्तकाला मान्य नाही, आणि ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी थंडीच्या पहाटे अचानक जोराचा व्यायाम करू नये, हे आजचे डॉक्टरही सांगतात.

घामाचं कलम लोक विसरतात. थंडीत भरपूर घाम काढणं म्हणजे साठवलेल्या धान्याच्या कणगीला भोक पाडणं. जिममध्ये निथळून, तसंच ओलं डोकं घेऊन बाहेर पडणं हा या दृष्टीने सगळ्यात वाईट प्रकार.

तिसरी गोष्ट वारा. चिनी वैद्यकात थंडी एकटी येत नाही, वाऱ्यावर बसून येते, आणि तिचं दार मानेमागे. तिथल्या ॲक्युपंक्चरच्या बिंदूंची नावंच बघा : कवटीच्या खाली दोन्ही बाजूंचे ‘वाऱ्याचं तळं’, पाठीवर जरा खाली ‘वाऱ्याचं दार’. म्हणून कोट पातळ चालेल, मफलर हवा. दुसरी जागा कंबर आणि बेंबी, तिसरी घोटे. घोटे उघडे टाकून हिंडणाऱ्या तरुणांवर चिनी आज्या जितक्या पोटतिडकीने ओरडतात, तितक्या बाकी कशावरच ओरडत नसतील. लहान मुलांना मात्र कांद्यासारखे थरावर थर घालू नयेत; ‘वसंतात गुंडाळा, शरदात थोडं गारठू द्या’ अशीही म्हण आहे. शरदात हळूहळू सवय झालेलं शरीर हिवाळ्यात दचकत नाही.

आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. यात वैद्यक कुठलंच नाही, पण कार्बन मोनॉक्साइडने दर हिवाळ्यात माणसं जातात.

पायरी ३ : पाय

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. फुकट आहे, आणि दोन रात्रींत फरक कळतो. रात्री पाय शेकणं हा चीनमधला जवळपास राष्ट्रीय छंद आहे. त्यासाठी खास उंच लाकडी बादल्या मिळतात. आपली प्लास्टिकची बादलीही चालते, फक्त पाणी पोटरीच्या मध्यापर्यंत यायला हवं. नुसते तळवे बुडवून भागत नाही.

पाणी ४० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा : सुखद गरम लागलं पाहिजे, चटका नको. जेवणानंतर तास-दीड तासाने, झोपायच्या अर्धा तास आधी, १५ ते २० मिनिटं. मध्ये एकदा गरम पाण्याची भर. कपाळावर किंवा पाठीवर बारीक ओल जाणवली की थांबायचं. घामाच्या धारा येईपर्यंत बसायचं नाही. मग बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे पुसून लगेच मोजे.

पाण्यात घालायला आल्याचे ठेचलेले तीन-चार तुकडे पुरे. चिनी लोक सिचुआनची मिरी घालतात; ती कोकणातल्या तिरफळाची सख्खी बहीण. माशाच्या आमटीसाठी आणलेली मूठभर तिरफळं उकळून ते पाणी बादलीत ओतलं तरी तोच रोख. साधं पाणीही काम करतं. तळव्यांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराची आतली उष्णता हळूच बाहेर पडते आणि झोप लवकर लागते, याला शरीरशास्त्राचाही आधार आहे.

नंतर तळव्यावरचा ‘योंगच्वान’ म्हणजे उसळता झरा हा बिंदू चोळा. पायाची बोटं आत मुडपली की तळव्याच्या पुढच्या भागात जो खळगा पडतो, तोच. मूत्रपिंडाचा प्रवाह इथून सुरू होतो असं मानतात, आणि हिवाळा हा मूत्रपिंडाचा ऋतू. प्रत्येक पायाला शंभर वेळा, अंगठ्याने.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी हे करू नये. चटका बसल्याचं कळत नाही आणि जखम चिघळते. पायात जखम, सूज, व्हेरिकोज व्हेन्स, गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पायरी ४ : चुलीवरचं पातेलं

चिनी घरात औषध आणि जेवण यांच्यामध्ये भिंत नाही, फार तर अर्ध्या उंचीचा पडदा आहे. हिवाळ्याच्या स्वयंपाकाचं सूत्र : जास्त वेळ शिजवलेलं, गरम, ओलं, आणि कच्चं कमी. फ्रीजमधून काढलेलं दही, सॅलड, स्मूदी बंद. गरम पाणी मात्र दिवसभर. ‘गरम पाणी जास्त पी’ हा सल्ला चिनी मुलं आपल्या मैत्रिणींना प्रत्येक दुखण्यावर इतक्यांदा देतात की त्यावर विनोदांचा डोंगर झालाय. तरी पाणी गरमच पितात.

सकाळी पेज. हो, आपली पेजच. एक वाटी तांदळाला नऊ-दहा वाट्या पाणी, मंद आचेवर तासभर, दाणे फुटून एकजीव होईपर्यंत. हिवाळ्याचा रंग काळा मानतात, म्हणून त्यात मूठभर काळे तीळ भाजून कुटून, दोन अक्रोड, असल्यास काळा तांदूळ. बिया काढलेली चार-पाच सुकी लाल बोरं घातली की गोडवा येतो, साखर लागत नाही. चिनी पंचांगाच्या बाराव्या महिन्यातल्या अष्टमीला अशीच धान्यं, डाळी, सुकामेवा घालून ‘लाबा’ची पेज होते, बीजिंगच्या योंगहे लामा मंदिरात त्या दिवशी पेजेसाठी रांगा लागतात.

दुपारी किंवा रात्री आठवड्यातून एकदा-दोनदा मुळ्याचं सूप. पांढऱ्या मुळ्याच्या जाड फोडी, हाडाचं मटण किंवा कोंबडी, आल्याच्या चार चकत्या, भरपूर पाणी. मांस आधी पाच मिनिटं उकळून ते पाणी फेकायचं, मग ताज्या गरम पाण्यात दीड तास. मुळा शेवटच्या अर्ध्या तासात. मीठ अगदी शेवटी. शाकाहारी लोकांनी मांसाऐवजी शिटाके मशरूम, भाजलेले शेंगदाणे आणि टोफू घ्यावेत. लसूण-मसाल्याची फोडणी देण्याचा मोह आवरा. मला पहिल्या वेळी आवरला नाही, आणि सुपाची भाजी झाली.

आता हिवाळ्याचा राजा. हान राजवटीच्या काळातला वैद्य झांग झोंगजिंग याच्या ग्रंथात दांगग्वेई (अँजेलिका या वनस्पतीचं औषधी मूळ), आलं आणि मटण यांचं सूप आहे, पोटातल्या थंडीच्या दुखण्यावर आणि बाळंतपणानंतरच्या पोटदुखीवर. मूळ पाठ : दांगग्वेई ३ ल्यांग, आलं ५ ल्यांग, मटण १ जिन, आठ माप पाण्याचं आटवून तीन माप. त्या काळची एक ल्यांग म्हणजे साधारण १४-१५ ग्रॅम आणि जिन म्हणजे १६ ल्यांग, तेव्हा आल्याचं प्रमाण जबरदस्त आहे. आज घरी लोक अर्धा किलो मटणाला ३० ते ५० ग्रॅम आलं आणि १० ग्रॅम दांगग्वेई घेतात आणि दोन तास मंद शिजवतात. चव कडसर-गोड, सेलेरीच्या मुळासारखी. हे गार प्रकृतीच्या माणसासाठी आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, विशेषतः वॉरफरिन, चालू असतील तर दांगग्वेईच्या वाटेला जाऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. गर्भारपणात आणि पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तरीही नको. दांगग्वेई वगळून नुसतं आलं-मटण केलंत तरी हिवाळा साजरा होतो.

याच झांगबद्दल आख्यायिका आहे की हेनानमधल्या आपल्या गावी, नानयांगला, परतताना त्याने थंडीने कान फुटलेले गरीब लोक पाहिले. मटण आणि उष्ण औषधं बारीक करून कणकेच्या पारीत कानाच्या आकारात भरली आणि उकळून वाटली. तेच आजचे जियाओझ, आपल्याकडच्या मोमोंचे थोरले भाऊ, आणि म्हणून दोंगझीला ते खाल्ले नाहीत तर कान गळून पडतात म्हणे! काही जण या गोष्टीत मिरचीही घालतात. झांग दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला आणि मिरची अमेरिकेतून सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलेली, एवढं सोडलं तर गोष्ट झकास आहे.

कोरड्या, हीटिंगच्या घरांसाठी पेर : वरचं टोक कापून, मधला भाग कोरून, त्यात खडीसाखरेचे दोन खडे, टोकाचं झाकण लावून वाटीत ठेवून अर्धा तास वाफवायचा. रस पिऊन गर चमच्याने खायचा. कोरड्या खोकल्यात घशाला फार बरं वाटतं. कफ सुटत असेल, पोट गार असेल तर नको. मधुमेहींनी अर्थातच नको.

पायरी ५ : जोर न लावता हालचाल

बादुआनजिन, म्हणजे ‘रेशमाचे आठ तुकडे’, हा सोंग राजवटीच्या काळापासूनचा (इ.स. दहावं ते तेरावं शतक) व्यायामप्रकार आहे. चीनच्या क्रीडा खात्याने २००३ मध्ये त्याचा प्रमाणित क्रम ठरवला. पूर्ण क्रमाला १२-१५ मिनिटं लागतात. हिवाळ्यापुरते यातले तीन शिका, आणि ऊन आल्यावर करा.

पहिला : पाय खांद्याइतके दूर, बोटं एकमेकांत गुंफून तळवे आकाशाकडे ढकलायचे, टाचा टेकलेल्या, नजर वर, मग हात बाजूंनी खाली. सहा वेळा. सहावा : हात वर नेऊन खाली आणायचे, तळव्यांनी कंबर चोळत, मागून नितंब, मांड्या, पोटऱ्या असे घसरत पायांपर्यंत जायचं आणि हात पुढे उचलत वर यायचं. चिनी नावातच ‘मूत्रपिंड आणि कंबर घट्ट करणारा’ असं आहे. सहा वेळा, स्लिप डिस्क किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर गुडघ्यापर्यंतच वाका, डोकं खाली लोंबवू नका. आठवा : टाचा उचलून क्षणभर थांबायचं आणि हलकेच जमिनीवर आपटायच्या, सात वेळा. शेवटी तळवे एकमेकांवर घासून गरम करून कमरेवर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे. अंग गरम झालं, घाम आला नाही, म्हणजे जमलं.

पायरी ६ : गुडघ्याखालचा बिंदू

‘झुसानली रोज दाबणं म्हणजे म्हातारी कोंबडी खाण्यापेक्षा बरं’, अशी एक गमतीदार म्हण आहे. हा बिंदू असा शोधा : गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला खळगा असतो, तिथून आपलीच चार बोटं खाली, नडगीच्या हाडापासून बोटभर बाहेर. दाबल्यावर दुखरी झिणझिण खाली पावलाकडे गेली की तोच. रोज तीन-चार मिनिटं, दोन्ही पायांना. पचनासाठी आणि अंगात त्राण यावं म्हणून.

याच बिंदूवर शेकही देतात. त्यासाठीची वनस्पती आय, म्हणजे आर्टेमिसिया, आपल्या दवण्याच्याच गोत्रातली. तिच्या पानांची लव कागदात गुंडाळून सिगारसारखी कांडी करतात. हूबेमधलं छीचून हे ‘बनत्साओ गांगमू’ या औषधिकोशाचा कर्ता ली शिझेन याचं गाव आजही या कांडीसाठी प्रसिद्ध आहे. पेटवलेली कांडी कातडीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरायची, कातडी गुलाबी होईपर्यंत, १०-१५ मिनिटं. खिडकी उघडी हवी, राख झटकत राहायची, कांडी पाण्यात किंवा वाळूत विझवायची. दमेकरी, गर्भवती, मधुमेही आणि लहान मुलांवर घरी प्रयोग नको. माझं मत विचाराल तर कोमट पाण्याची पिशवी बेंबीखाली ठेवून झोपणं हे नव्वद टक्के काम बिनधुराचं करतं.

सर्दी झालीच तर

इथे चिनी वैद्य पहिला प्रश्न विचारतो : थंडी जास्त वाजते की ताप जास्त? हुडहुडी, पाण्यासारखं नाक, मान आखडलेली, घाम नाही, घसा फारसा दुखत नाही : ही वारा-थंडीची सर्दी. पातीच्या कांद्याचे पांढरे भाग तीन-चार मुळांसकट, आल्याच्या पाच चकत्या, दोन कप पाण्यात दहा मिनिटं उकळून थोडा गूळ. प्यायचं आणि पांघरुणात शिरायचं. हे पहिल्या दिवशी, शिंका सुरू झाल्या झाल्या; तिसऱ्या दिवशी त्याला अर्थ उरत नाही.

घसा लाल, गिळताना दुखतो, नाक घट्ट पिवळं, तहान, ताप : ही वारा-उष्णतेची. इथे आल्याचा काढा म्हणजे आगीत तेल. यासाठी शेवंतीच्या फुलांचा चहा, पुदिना, पेर. आपल्याकडे सगळ्याच सर्दीला आलं-मिरी-तुळस दिली जाते. हा एक प्रश्न विचारायची सवय लागली तरी पुष्कळ झालं.

झांग झोंगजिंगच्या ‘शांगहान लुन’ या ग्रंथात दालचिनीच्या काड्यांचा एक काढा आहे. औषधापेक्षा त्यापुढची सूचना मला जास्त आवडते : काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्या, पांघरूण घेऊन पडून राहा, अंगभर बारीक घाम यावा, पाण्यासारखा वाहू नये, घाम येऊन बरं वाटलं की उरलेलं औषध घेऊ नका. अठराशे वर्षांपूर्वीची ही सूचना आहे, आणि आपण अँटिबायोटिक मेडिकलमधून आपल्या मनाने आणतो.

मात्र ताप तीन दिवसांपलीकडे गेला, धाप लागली, छातीत दुखलं, म्हातारा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला किंवा लहान मूल खाईना-पिईना झालं, तर काढे बाजूला ठेवून थेट दवाखाना.

खुराकाची औषधं सगळ्यात शेवटी

शांघायकडे हिवाळ्यात ‘गाओफांग’ घेण्याची रीत आहे : वीस-तीस वनस्पतींचा काढा आटवून केलेला दाट अवलेह, आपल्या च्यवनप्राशासारखा, पण प्रत्येक माणसासाठी वेगळा लिहून दिलेला. वैद्य नाडी-जीभ पाहतो आणि अवलेहाआधी आठवडा-दोन आठवडे ‘वाट मोकळी करणारं’ औषध देतो, पोट पचवायला तयार व्हावं म्हणून. मग दोंगझीपासून पन्नासेक दिवस रोज सकाळी चमचाभर गरम पाण्यात. सर्दी-ताप-जुलाब झाले की बंद. या काळात मुळाही बंद, कारण तो खुराक खाली उतरवतो असं मानतात. ‘हिवाळ्यात खुराक घ्या, वसंतात वाघ मारा’ ही म्हण याच चमच्याची.

दुसऱ्यासाठी लिहिलेला अवलेह आपण खाणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणं. त्यात अनेकदा गाढवाच्या कातड्याचं सरस असतं. त्याच्या मागणीपायी इतकी गाढवं मारली जाऊ लागली की २०२४ मध्ये आफ्रिकी महासंघाला कातड्यासाठी होणाऱ्या कत्तलीवर बंदीचा निर्णय घ्यावा लागला. वैद्याला सांगून वगळता येतं.

ऑनलाइन चिनी पुड्या मागवणाऱ्यांनी चार नावं लक्षात ठेवावीत. फूझी, म्हणजे आपल्या बचनागाचं भावंड : सिचुआन-युन्नानकडे हिवाळ्यात मांसाबरोबर तासन्‌तास शिजवून खातात, आणि कमी शिजलं की विषबाधा होते. माहुआंग, म्हणजे एफेड्रा : रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढवते, अमेरिकेने २००४ मध्ये पूरक आहारातून हद्दपार केली. ॲरिस्टोलोकियाच्या कुळातल्या मुळ्या : १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या पुड्यांतून गेल्या आणि शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. ज्येष्ठमध : चिनी काढ्यांत जवळपास सगळीकडे असतं, आपल्याकडेही निरुपद्रवी मानतात, पण रोज भरपूर घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. डबीवर घटक वाचता येत नसतील तर ती डबी घेऊ नका. आणि चालू गोळ्यांची यादी वैद्याला, काढ्याची यादी डॉक्टरला, दोघांनाही दाखवा.

८१ पाकळ्या

दोंगझीपासून नऊ दिवसांचे नऊ गट मोजतात, एकूण ८१ दिवस. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास लागणारा तिसरा नवक सगळ्यात कडाक्याचा. हे दिवस मोजण्यासाठी जुन्या घरांत एक कागद भिंतीवर टांगायचे : प्लमच्या फांदीचं रेखाचित्र, नऊ फुलं, प्रत्येकाला नऊ पाकळ्या, सगळ्या कोऱ्या. रोज एक पाकळी रंगवायची. दुसरा प्रकार नऊ अक्षरांचा, प्रत्येक अक्षराला नऊ रेघा. अंगणातली विलो वसंतवाऱ्याची वाट पाहते आहे, अशा अर्थाचं एक वाक्य, रोज एक रेघ गिरवत पुरं करायचं. तिसऱ्या प्रकारात ८१ वर्तुळं असतात : ढग असतील तर वरची बाजू भरायची, ऊन असेल तर खालची, वारा असेल तर डावी, पाऊस असेल तर उजवी आणि बर्फ पडलं तर मधोमध.

मी यातलं फुलांचं चित्र साध्या पेन्सिलीने काढून स्वयंपाकघराच्या दारावर लावतो. रात्री पाय शेकले आणि अकराच्या आत झोपायला गेलो तर त्या दिवसाची पाकळी लाल, नाही तर कोरी. गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फांदी भरली तेव्हा २३ पाकळ्या पांढऱ्या होत्या, त्यातल्या १४ एकट्या लग्नसराईच्या.